मातेरा : 'राष्ट्रीय लज्जा' ते सांस्कृतिक पर्यटनस्थळ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सांस्कृतिक पर्यटनाविषयीच्या लेखनात 'अल्पपरिचित स्थळ' हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार आढळतो. प्रसिद्ध राजधान्या, मोठी वस्तुसंग्रहालये आणि गर्दीची स्मारके यांच्या पलीकडे जाऊन जगातील दुर्लक्षित गावांचा 'शोध' घ्यावा, असा आग्रह या लेखनातून धरला जातो. हा आग्रह मुळात चुकीचा नाही. तथापि एखादे स्थळ अल्पपरिचित आहे असे म्हणताना ते नेमके कोणाला अपरिचित आहे, कधीपासून अपरिचित आहे आणि कोणत्या कारणाने तसे राहिले, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत. महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात अजिंठ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी 'शोधली' असे सांगण्याचा प्रघात आहे. वाघूर नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती. शोध लागला तो बाहेरच्या जगाला.

दक्षिण इटलीतील बासिलिकाता प्रांतामधील मातेरा हे नगर या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. खडकात कोरलेल्या घरांचे हे नगर विसाव्या शतकाच्या मध्यास इटलीची 'राष्ट्रीय लज्जा' म्हणून ओळखले गेले, १९५२ च्या कायद्याने त्यातील जुनी वस्ती रिकामी करण्यास प्रारंभ झाला, १९९३ मध्ये युनेस्कोने त्याच वस्तीस जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले. एका मानवी आयुष्याच्या कालावधीत इतकी उलथापालथ अनुभवलेली स्थळे थोडीच असतील. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला असून, मातेराचे 'अपरिचित'पण हे त्याच्या दुर्गमतेपेक्षा राज्यव्यवहाराचे फलित होते आणि ज्या रिक्ततेमुळे हे नगर आज प्रेक्षणीय वाटते ती रिक्तता शासनाने निर्माण केलेली आहे, असे प्रतिपादन केले आहे.

खडकातील वस्ती आणि पाण्याची व्यवस्था :

मातेरा हे ग्राव्हिना नावाच्या खोल घळीच्या कडेवर वसले आहे. घळीच्या पलीकडे मुर्जा हे चुनखडीचे उजाड पठार आहे. या पठारावर नवाश्मयुगीन वस्त्यांचे खंदक आढळले असून त्यांचे पद्धतशीर संशोधन दोमेनिको रिदोला या स्थानिक डॉक्टरांनी केले. त्यांच्या संग्रहातून १९११ मध्ये नगरातील पुरातत्त्व संग्रहालय उभे राहिले. येथील दगड मऊ असून साध्या अवजाराने कापता येतो आणि हवेच्या संपर्काने कठीण होतो. त्यामुळे कोरणे आणि बांधणे या दोन क्रिया येथे परस्परांपासून वेगळ्या राहिल्याच नाहीत. गुहा कोरताना निघालेल्या दगडाच्या चिऱ्यांतूनच तिच्या पुढील दर्शनी खोली बांधली जाई.

इटालियन भाषेत 'सास्सो' म्हणजे दगड. त्याचे अनेकवचन 'सास्सी'. घळीच्या उतारावरील दोन वस्त्यांना सास्सो काव्हेओसो आणि सास्सो बारिसानो अशी नावे आहेत. या दोहोंच्या मध्ये चिविता हा उंचवटा असून त्यावर तेराव्या शतकातील कॅथीड्रल उभे आहे. उतारावर एका घराचे छप्पर हे वरच्या घराचे अंगण किंवा रस्ता असते, आणि काही ठिकाणी घराच्या डोक्यावर दफनभूमीही असे. परिसरात खडकात कोरलेली दीडशेहून अधिक प्रार्थनास्थळे नोंदली गेली आहेत. त्यांच्या भिंतींवर लॅटिन आणि ग्रीक या दोन्ही ख्रिस्ती परंपरांची चित्रे आढळतात, कारण मध्ययुगात हा प्रदेश लोम्बार्ड, बायझंटाईन व नॉर्मन सत्तांच्या सीमेवर होता.

मातेराचे खरे वैशिष्ट्य मात्र पाण्यात आहे. पर्यटकांसाठीच्या वर्णनांत ते सहसा दुय्यम ठरते, म्हणून येथे त्याकडे अधिक लक्ष देणे उचित होईल. घळीच्या तळाशी ओढा असला तरी तेथून पाणी वर आणणे अवघड होते. म्हणून पावसाचा प्रत्येक थेंब साठविण्याची व्यवस्था शतकानुशतके विकसित होत गेली. छपरांचे व अंगणांचे उतार, दगडात कोरलेल्या पन्हळी आणि घराखालील घंटेच्या आकाराची टाकी यांच्या जाळ्यातून पाणी गाळत आणि साठवत नेले जाई. सह्याद्रीतील गडांवरील खोदीव टाकी पाहिलेल्या अभ्यासकास या व्यवस्थेचे तर्कशास्त्र अपरिचित वाटणार नाही. व्हित्तोरिओ व्हेनेतो या चौकाखालील 'पालोम्बारो लुंगो' हे सार्वजनिक टाके सुमारे ५,००० घनमीटर क्षमतेचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नळाचे पाणी आल्यावर ते वापरातून गेले, त्यावरील चौक बांधला गेला आणि नगरालाच त्याचा विसर पडला. १९९१ मध्ये चौकाच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ते पुन्हा उजेडात आले. एवढे मोठे टाके दोन-तीन पिढ्यांत विस्मृतीत जावे ही बाब 'अपरिचित' या शब्दाचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पाण्याच्या या व्यवस्थेशी सामाजिक रचनाही निगडित होती. एका सामायिक अंगणाभोवती उघडणाऱ्या घरांच्या समूहास 'व्हिचिनातो' म्हणत, शब्दशः शेजार. टाके, अंगण, कपडे धुण्याची जागा आणि मुलांवरील देखरेख ही सर्व सामायिक असे. पाव सार्वजनिक भट्टीत भाजला जाई. अनेक कुटुंबांचे पाव एकाच भट्टीत जात असल्याने प्रत्येक घराचा कोरीव लाकडी शिक्का असे आणि तो कच्च्या पिठाच्या गोळ्यावर उमटवला जाई. असे शिक्के आज दुकानांतून शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात.

राजधानीचे नगर ते दाटीची वस्ती :

मातेरा हे सदैव दारिद्र्यात बुडालेले खेडे होते, हा समज चुकीचा आहे. १६६३ पासून १८०६ पर्यंत ते बासिलिकाताची राजधानी होते. सतराव्या शतकातील धर्मविद्यालयाची इमारत, आजचा लान्फ्रांकी प्रासाद, त्या वैभवाची साक्ष देते. जोव्हान्नी पास्कोली हा पुढे इटलीतील अग्रगण्य ठरलेला कवी १८८२ ते १८८४ या काळात येथील शाळेत शिक्षक होता. शिक्षकी पेशातील त्याची ती पहिली नेमणूक. म्हणजे हे नगर शिक्षणाच्या व प्रशासनाच्या नकाशावर होते.

१८०६ मध्ये जोसेफ बोनापार्ट याच्या राजवटीत राजधानी पोतेन्झा येथे हलविण्यात आली आणि मातेराच्या ऱ्हासास गती मिळाली. तथापि केवळ राजधानी गेल्याने गुहा कोंदट होत नाहीत. अधिक मूलगामी कारण जमिनीचे होते. एकोणिसाव्या शतकात सामायिक कुरणे आणि चर्चच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खासगी मालकीत गेल्या. बडे जमीनदार बळकट झाले आणि पठारावरील चराईवर जगणारे लोक रोजंदारीचे शेतमजूर बनले. लोकसंख्या वाढत असताना त्यांना नवी घरे बांधणे शक्य नव्हते. परिणामी जी गुहा पूर्वी गोठा, कोठार किंवा तळघर होती तिच्यात माणसे राहू लागली. काही टाकी कोरडी करून त्यांचीही घरे झाली. छपरांवरील परसबागा नाहीशा झाल्या आणि पन्हळींच्या वाटांवर बांधकामे उभी राहिली. पिएत्रो लौरेआनो या वास्तुशास्त्रज्ञाने या संदर्भात मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याच्या मते विसाव्या शतकात दिसणारी दुर्दशा ही गुहाजीवनाची आदिम अवस्था नसून एका सुविहित जलव्यवस्थेच्या मोडतोडीचा परिणाम होती. हे मत ग्राह्य मानल्यास मातेराचे मागासलेपण प्राचीन ठरत नाही, ते आधुनिक ठरते. निबंधाच्या पुढील भागासाठी हा भेद निर्णायक आहे.

'राष्ट्रीय लज्जे'ची घडण :

तुरीन येथील चित्रकार, लेखक आणि वैद्यकाचा पदवीधर कार्लो लेव्ही यास फॅसिस्ट राजवटीने १९३५-३६ मध्ये बासिलिकातात स्थानबद्ध केले. त्या अनुभवावरील 'क्राइस्ट स्टॉप्ड ॲट एबोली' या नावाने इंग्रजीत परिचित असलेला त्याचा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. मातेराविषयीचा त्यातील मजकूर सर्वत्र उद्धृत केला जातो. परंतु तो लेव्हीच्या बहिणीच्या तोंडी आहे. ती स्वतः डॉक्टर होती आणि भावाला भेटायला जाताना परवान्याच्या कामासाठी मातेरास थांबली होती. दान्तेच्या नरकाची आठवण करून देणारी घळीची उतरण, एकाच गुहेत माणसे आणि जनावरे, खुपऱ्यांनी डोळे सुजलेली मुले, हिवतापाने पिवळे पडलेले चेहरे आणि पैशांऐवजी क्विनाईन मागणारी पोरे, असे चित्र तिने उभे केले. हे वर्णन खोटे होते असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. परंतु ज्या वर्णनाने एका नगराचे भवितव्य ठरले ते वाटेत थांबलेल्या एका संवेदनशील प्रवाशाचे होते, ही वस्तुस्थिती इतिहासकाराने नोंदवायला हवी. मातेराचा आधुनिक 'शोध' प्रवासवर्णनातूनच लागला.

१९४८ च्या निवडणुकीच्या काळात कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती यांनी मातेरास भेट देऊन सास्सीचा उल्लेख राष्ट्रीय लज्जा असा केला. १९५० मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी तेथे आले. परस्परांचे कट्टर विरोधक असलेले दोन पक्ष या एका मुद्द्यावर सहमत झाले, आणि १७ मे १९५२ रोजी सास्सीच्या पुनर्वसनाचा कायदा संमत झाला. तेव्हा या वस्त्यांत सुमारे १५,००० लोक राहत होते.

याच सुमारास दक्षिण इटलीवर समाजशास्त्रज्ञांची जणू रीघ लागली. अमेरिकेत अध्यापन करणारे मूळचे जर्मन तत्त्वज्ञ फ्रेडरिक फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आणि उद्योगपती आद्रियानो ओलिव्हेत्ती यांच्या पाठबळाने १९५१ मध्ये मातेराच्या अभ्यासासाठी एक मंडळ नेमण्यात आले. त्यात मानवशास्त्र, आरोग्य, अर्थव्यवस्था व नगररचना यांचे जाणकार होते. एर्नेस्तो दे मार्तिनो यांनी याच प्रदेशात लोकधर्म व मृत्युविलापांचा अभ्यास केला. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड बॅनफिल्ड यांचा १९५८ मधील बहुचर्चित ग्रंथही बासिलिकातातील एका खेड्यावर आधारलेला आहे. येथील शेतकरी कुटुंबापलीकडे कोणाचाही विचार करीत नाही, असा बॅनफिल्डचा निष्कर्ष होता. व्हिचिनातोची सामायिक टाकी आणि सामायिक भट्ट्या ध्यानात घेता तो निष्कर्ष निदान मातेरापुरता तरी सहज स्वीकारता येत नाही.

या सर्व साहित्यात एक उणीव ठळकपणे जाणवते. सास्सीत राहणाऱ्यांचा स्वतःचा आवाज त्यात फारसा नाही. तक्ते आरोग्य निरीक्षकांचे, छायाचित्रे परदेशी छायाचित्रकारांची आणि ग्रंथ उत्तरेकडील विद्वानांचे आहेत. अपवाद म्हणून रोक्को स्कोतेल्लारो या तरुण कवीचा निर्देश करावा लागेल. तो याच प्रांतातील त्रिकारिको गावचा. १९४६ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी तो गावाचा महापौर झाला. शेतकऱ्यांच्या जमिनीच्या चळवळीशी तो जोडलेला होता. १९५० मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून त्याला मातेराच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे तो निर्दोष सुटला. दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या आत्मकथनांचे संकलन करण्याचे काम त्याने हाती घेतले होते. १९५३ मध्ये तिशीतच त्याचे निधन झाले आणि ते अपूर्ण संकलन पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. लेव्हीने १९६१ मध्ये रंगविलेले त्याच्या स्मृतीचे भव्य चित्र लान्फ्रांकी प्रासादात आहे. त्यासमोर पर्यटक थांबतात. परंतु स्कोतेल्लारोने जमा केलेली ती कथने किती जणांनी वाचली असतील, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

स्थलांतर : हेतू आणि परिणाम :

१९५२ च्या कायद्याचा मूळ हेतू सास्सी पूर्णतः ओस पाडण्याचा नव्हता. राहण्यास सर्वथा अयोग्य गुहा बंद कराव्यात आणि सुधारता येण्याजोग्या घरांची दुरुस्ती करावी, अशी त्यात तरतूद होती. प्रत्यक्षात मात्र दुरुस्ती मागे पडली आणि स्थलांतर पुढे गेले. नव्या घराची चावी मिळण्यापूर्वी जुने घर सोडावे लागे, आणि सोडलेल्या गुहेत पुन्हा कोणी शिरू नये म्हणून तिचे तोंड बंद केले जाई. सास्सीतील बहुतांश मालमत्ता अशा रीतीने शासनाकडे गेली.

नव्या वस्त्यांच्या बांधणीत इटलीतील उत्तम वास्तुविशारदांचा सहभाग होता, हे मान्य केले पाहिजे. नगराबाहेरील ला मार्तेल्ला हे शेतकऱ्यांचे गाव लुदोविको क्वारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखले. वळणदार रस्ते, एकमेकांकडे तोंड केलेली घरे, प्रत्येक घरालगत गोठा आणि सार्वजनिक भट्टी अशी रचना करून व्हिचिनातोचा शेजार नव्या जागी जपण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९५३ मध्ये दे गास्पेरी यांच्या उपस्थितीत पहिल्या कुटुंबांना घरे देण्यात आली. सेर्रा व्हेनेर्दी, लानेरा आणि स्पिने बियांके या वस्त्या नगरालगत उभ्या राहिल्या. नगररचनाकारांच्या दृष्टीने ही युद्धोत्तर इटलीची प्रयोगशाळाच होती.

असे असूनही ला मार्तेल्लाचा प्रयोग अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला नाही. १९५० च्या जमीन सुधारणा कायद्यांनी मोठ्या जमीनदारीचा काही भाग वाटला गेला. परंतु वाटपातील जमिनी अपुऱ्या होत्या आणि घरांच्या योजनेशी त्यांचा मेळ बसला नाही. घर मिळाले, गोठा मिळाला, परंतु जनावर पोसण्याएवढी जमीन मिळाली नाही. अनेकांनी इटलीच्या उत्तरेकडील कारखान्यांची अथवा जर्मनीची वाट धरली. लज्जेचे मूळ गुहेत आहे असे गृहीत धरून गुहा बंद करण्यात आली. जमिनीचा प्रश्न तसाच राहिला.

येथे दुसऱ्या टोकाच्या मताचाही परामर्श घेणे आवश्यक आहे. अलीकडील लेखनात व्हिचिनातोतील जिव्हाळा, सामायिक भट्टीचा पाव आणि निसर्गाशी एकरूप जीवन यांचे गोडवे गायिले जातात आणि स्थलांतर ही सांस्कृतिक हत्या होती असे म्हटले जाते. हे स्मरणरंजन बहुधा अशा लेखकांचे असते ज्यांना खेचराच्या श्वासाची ऊब घेत थंडीची रात्र काढावी लागलेली नाही. सास्सीतील बालमृत्यूंचे प्रमाण त्या काळच्या इटलीच्या मानानेही भयावह होते. वाहते पाणी, वीज आणि खिडकी असलेल्या घरात आलेल्या आईच्या दृष्टीने स्थलांतर ही मुक्तीच होती. लौरेआनोचा जलव्यवस्थेविषयीचा युक्तिवाद मातेराच्या दीर्घ इतिहासाला लागू पडतो. १९५० च्या एखाद्या गुहेतील आजारी मुलाला तो औषध ठरत नाही. शासनाची चूक लोकांना बाहेर काढण्यात नव्हती. परत येण्याचा मार्ग बंद करण्यात आणि दुरुस्तीचे आश्वासन विसरण्यात ती होती.

रिकाम्या नगराचा पुनर्शोध :

साठच्या दशकाच्या अखेरीस सास्सी जवळजवळ निर्मनुष्य झाल्या होत्या. याच रिकाम्या नगराकडे एक वेगळी नजर वळली. १९५९ मध्ये स्थानिक तरुणांनी 'ला स्कालेत्ता' ही सांस्कृतिक मंडळी स्थापन केली आणि परिसरातील कोरीव चर्चची नोंदणी सुरू केली. हे तरुण मातेराचेच होते, परंतु सर्वसाधारणपणे सुशिक्षित मध्यमवर्गातील होते. १९६३ मध्ये त्यांना नगरापासून काही अंतरावरील एका गुहेत अत्यंत जुनी भित्तिचित्रे आढळली. आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या या चित्रांत आदम, हव्वा आणि सृष्टीच्या निर्मितीचे प्रसंग आहेत. आज हे स्थान 'आद्य पापाची गुहा' या नावाने ओळखले जाते. या शोधाच्या हकिगतीत एक तपशील बहुधा ओझरता येतो. मेंढपाळ ही गुहा मेंढरांच्या निवाऱ्यासाठी वापरत आणि भिंतीवरील आकृत्यांमुळे तिला 'शंभर संतांची गुहा' म्हणत. त्यांना चित्रे ठाऊक होती, त्यांचे धार्मिक स्वरूप ठाऊक होते आणि त्यांनी तिला नावही दिले होते. कलेतिहासाच्या परिभाषेत ते ज्ञान बसत नव्हते, एवढेच. त्याच वेळी हेही खरे की ला स्कालेत्ताच्या नोंदणीविना अशा अनेक चित्रांचे जतन झाले नसते.

१९६४ मध्ये पिएर पाओलो पासोलिनी याने संत मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरील चित्रपटासाठी मातेराची निवड केली. पॅलेस्टाईनमधील स्थळांवर आधुनिकतेच्या खुणा फार दिसतात, म्हणून प्राचीन जेरुसलेमसाठी त्याला दक्षिण इटली अधिक योग्य वाटली. गर्दीच्या दृश्यांतील चेहरे त्याने स्थानिक शेतकऱ्यांतून निवडले. चाळीस वर्षांनंतर, २००४ मध्ये, मेल गिब्सन याच्या ख्रिस्ताच्या अखेरच्या घटिकांवरील चित्रपटातही मातेरा पुन्हा जेरुसलेम झाले. ज्या लोकांचे जीवन आधुनिक राष्ट्राला लाजिरवाणे वाटले, त्यांचीच वस्ती पडद्यावर पावित्र्याचे प्रतीक बनली. मात्र दोन्ही वेळी मातेरा दुसऱ्याच नगराच्या नावाने पाहिले गेले.

शासकीय धोरणात बदल होण्यास आणखी काळ जावा लागला. सत्तरच्या दशकात सास्सीच्या भवितव्याविषयी आराखड्यांची स्पर्धा घेण्यात आली. निर्णायक टप्पा म्हणजे १९८६ चा कायदा होय. त्यान्वये १०० अब्ज लिरांची तरतूद झाली आणि शासनाच्या मालकीची घरे दुरुस्तीच्या अटीवर खासगी व्यक्तींना वापरण्यास देण्याची जबाबदारी नगरपालिकेकडे आली. १९९३ मधील जागतिक वारसा दर्जाच्या प्रस्तावामागे लौरेआनोची मांडणी होती. गुहा हे दारिद्र्याचे चिन्ह नसून मर्यादित पाणी आणि जमीन यांच्याशी माणसाने साधलेल्या जुळवणीचा नमुना आहे, हा विचार त्याद्वारे आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाला. एकाच वस्तीचे १९५२ मधील आणि १९९३ मधील हे दोन अर्थ शेजारी ठेवले असता वारसा ही संकल्पना किती चंचल आहे याची कल्पना येते.

पर्यटनस्थळ आणि त्याचे रहिवासी :

सास्सीत लोक परतले, परंतु बहुतांशी ते जुने रहिवासी नव्हते. दुरुस्तीचा खर्च पेलू शकणारे व्यावसायिक, कलावंत आणि पुढे हॉटेलचालक तेथे आले. ज्या गुहेत एके काळी दहाजणांचे कुटुंब आणि खेचर राहत होते, ती आता मंद दिव्यांची पाहुण्यांची खोली झाली आहे. काही गुहा जुन्या संसाराच्या मांडणीसह संग्रहालय म्हणून दाखविल्या जातात. उंच पलंग, त्याखाली कोंबड्यांची जागा, भिंतीशी भांडी आणि मागच्या कोपऱ्यात जनावराची दावण अशी ती मांडणी असते. पर्यटक तेथून थोड्याच वेळात बाहेर पडतात, आणि बाहेर आल्यावर समोरचे दृश्य सुंदर असते. सौंदर्य आणि करुणा यांची ही सरमिसळ मातेराच्या पर्यटनाचा गाभा आहे. त्यात काही गैर आहे असे नाही. परंतु मार्गदर्शकांच्या निवेदनात जमिनीचा प्रश्न क्वचितच येतो, गुहेचा मात्र हमखास येतो.

२०१४ मध्ये २०१९ सालासाठी युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान इटलीकडून मातेरास जाहीर झाला. त्याच वर्षाचा दुसरा मान बल्गेरियातील प्लोव्हदिव्ह या नगरास मिळाला. ला स्कालेत्ताच्या संस्थापकांपैकी राफाएल्लो दे रुज्जेरी हे २०१५ ते २०२० या काळात मातेराचे महापौर होते. म्हणजे ज्या पिढीने तरुणपणी ओस गुहांतून नोंदवह्या फिरविल्या, तिच्याच हाती या सोहळ्याचे वर्ष आले. विशेष म्हणजे तेव्हाही मातेरा इटलीच्या राष्ट्रीय रेल्वेजाळ्याशी जोडलेले नव्हते. बारी येथून अरुंद मार्गाच्या गाडीने अथवा बसनेच तेथे पोहोचावे लागे. पर्यटनविषयक लेखनात याच अडचणीचे 'अस्पर्शित' असे गौरवपूर्ण नामकरण होते. रोज बारीस ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचे काय वाटत असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

जुन्या रहिवाशांचे मातेरा पाहायचे असल्यास २ जुलैचा दिवस निवडावा लागतो. त्या दिवशी नगराची संरक्षक देवता मादोन्ना देल्ला ब्रूना हिचा उत्सव असतो आणि त्याची परंपरा चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेली जाते. पहाटे मेंढपाळांची मिरवणूक निघते. कागदाच्या लगद्यापासून स्थानिक कारागिरांनी अनेक महिने खपून घडविलेला भव्य रथ संध्याकाळी रस्त्यांतून फिरतो. सेर्रा व्हेनेर्दी, लानेरा, स्पिने बियांके येथील कुटुंबे, कामासाठी दूर गेलेली मुले, सर्वजण या दिवशी एकत्र येतात. रात्री रथ मुख्य चौकात पोहोचताच जमाव त्यावर तुटून पडतो आणि काही क्षणांत त्याचे तुकडे होतात. हाती लागलेला तुकडा घरात शुभ म्हणून ठेवला जातो. दुसऱ्या दिवसापासून पुढील वर्षीच्या रथाचा विचार सुरू होतो. ज्या चौकात हे घडते त्याच्याच खाली पालोम्बारो लुंगोचे टाके आहे.